पन्हं काडीवर गोठवताना : घरच्या आइसकँडीचं सोपं शास्त्र

इंदुरात चैत्रगौरीचं हळदीकुंकू आटोपलं की मराठी घरांत पातेल्याच्या तळाशी थोडं पन्हं उरतंच. ते आइसकँडीच्या साच्यात ओतून फ्रीजरमध्ये ठेवावं, हे कुणालाही सहज सुचतं. दुसऱ्या दिवशी हातात येते ती मात्र दाताला दाद न देणारी, फिकट कांडी. दोन-तीनदा चोखली की रंग गेला, चव गेली आणि काडीवर पांढरा बेचव बर्फ उरला. पन्हं तर उत्तम जमलं होतं. मग बिघडलं कुठे?

बिघडलं असं काही नाही. प्यायचं पेय आणि गोठवायचं मिश्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच. हा फरक एकदा नीट कळला की पन्हंच काय, कोकम, जांभूळ, फालसा, जीरावन मसाला लावलेला पेरू, अगदी भुट्टासुद्धा काडीवर सुरेख उतरतो. बाजारातल्या त्याच त्या नारंगी आणि कालाखट्ट्याच्या पलीकडे आपल्या स्वयंपाकघरात कितीतरी चवी आहेत. त्या नुसत्या गोठवून मिळत नाहीत, समजून गोठवाव्या लागतात.

कँडी पूर्ण गोठतच नाही

शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठतं. गोठताना पाण्याचे रेणू एका ठरलेल्या रचनेत जाऊन बसतात आणि त्या रचनेत दुसऱ्या कुणाला जागा नसते. साखर, मीठ, आंबटपणा, रंग, सगळ्यांना बर्फाचा स्फटिक बाहेर ढकलतो. साच्याच्या भिंतीलगत पहिला बर्फ धरतो तो जवळजवळ निव्वळ पाण्याचा. बाहेर ढकललेली साखर उरलेल्या पाण्यात जमा होते, ते पाणी अधिक गोड होतं आणि जितकं गोड तितकं ते गोठायला जास्त थंडी मागतं. आणखी थोडं पाणी बर्फ होतं, उरलेलं आणखी दाट होतं. हे असंच चालत राहतं. घरच्या फ्रीजरच्या उणे १८ अंशांनाही शेवटी थोडा दाट पाक उरतोच, तो गोठत नाही.

म्हणजे चांगली आइसकँडी ही बर्फाचे बारीक कण आणि त्यांच्या मधल्या फटींतून मुरलेला पाक, अशी जोडी असते. जिलबीच्या आतल्या नळ्यांत पाक भरलेला असतो ना, तसंच. आपण कँडी चोखतो तेव्हा त्या फटींतला पाक ओढून घेतो, त्याच्या जागी हवा शिरते आणि प्रकाश त्या हवेच्या पोकळ्यांवर विखुरतो. म्हणून चोखलेली कँडी पांढरी दिसते. रंग विरघळून गेला असं आपल्याला वाटतं, पण तो पाकाबरोबर आपल्या तोंडात आलेला असतो.

आता थोडं गणित, कारण सगळी गुरुकिल्ली इथेच आहे. मिश्रणात वजनाने १५ टक्के साखर असेल, तर उणे १८ अंशांना त्याचा साधारण पाव भाग पाकाच्या रूपात राहतो. साखर ५ टक्केच असेल, तर हा भाग दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. पहिली कँडी दातांनी तुटते, जिभेवर विरघळते. दुसरी दगडासारखी लागते आणि तिच्यातला जेमतेम पाक दोन चोखण्यांत संपतो. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना सोसेल इतपत गोडीचं आणि वर बर्फ घालून पातळ केलेलं पन्हं या दुसऱ्या गटात जाऊन बसतं. माझ्या मते काडीवरच्या कँडीला सगळी मिळून १५ ते २० टक्के साखर योग्य. यात फळांतली मूळ साखरही धरायची. पिकलेल्या आंब्याच्या गरात ती भरपूर असते, कैरीत आणि कोकमात जवळपास नसते.

साखर, गूळ, मध आणि मीठ

गोठण्याच्या हिशेबात कोणता पदार्थ किती गोड, याला महत्त्व नाही. पाण्यात त्याचे कण किती विरघळले, याला आहे. १ लिटर पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवली की त्याचा गोठणबिंदू शून्याखाली सुमारे २ अंश जातो. ग्लुकोजचा रेणू साखरेच्या रेणूच्या साधारण निम्म्या वजनाचा असतो, म्हणून तेवढाच परिणाम १८० ग्रॅम ग्लुकोजमध्ये मिळतो. मिठाला तर ३० ग्रॅमच पुरतं, कारण ते फारच हलकं आणि वर विरघळताना त्याचे दोन तुकडे होतात.

यातून स्वयंपाकघरातले बरेच प्रश्न सुटतात. मध बहुतांश ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचा असतो, म्हणून मधाची कँडी तेवढ्याच साखरेच्या कँडीपेक्षा मऊ होते. गुळातही साखरेबरोबर या दोन साखरांचा काही भाग असतो, त्यामुळे गुळाचं पन्हं साखरेच्या पन्ह्यापेक्षा काडीवर बरं लागतं. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध कोणत्याही रूपात देऊ नये.) मधुमेह असणाऱ्यांसाठी स्टीव्हिया (साखरेऐवजी वापरतात ते वनस्पतीतलं गोड द्रव्य) घालून केलेली कँडी इतकी कडक का होते, याचंही उत्तर हेच. स्टीव्हिया चिमूटभरात गोडी देतो, पण चिमूटभराने पाणी गोठायचं थांबत नाही. अशा वेळी कँडीला गर, दही किंवा नारळाचं दूध यांचं अंग द्यावं लागतं आणि गराची साखर आपल्या हिशेबात धरावी लागते.

मिठाच्या जोरावर कँडी मऊ करायला जाऊ नये. मसाला ताक तसंच गोठवलं तर त्यात मीठ असूनही ते दगड होतं, कारण तोंडाला सोसेल इतकं, म्हणजे एखादा टक्का मीठ या कामाला अपुरं पडतं. ताकाची कँडी करायचीच असेल तर चक्का थोडा सैल करून घ्यावा, त्यात साखर घालावी आणि भाजलेलं जिरं, पुदिना, सैंधव नंतर. गोड-खारट चव ज्यांना रुचते त्यांना ही फार आवडते.

साखरेचं प्रमाण ठरवण्याआधी आपला फ्रीजर ओळखावा. फ्रीजरच्या दारावर तारे छापलेले असतील तर एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८. वीज किती लागते ते सांगणारे तारे वेगळे, त्यांच्याशी याची गल्लत करू नका. जुन्या एकदारी फ्रीजचा वरचा कप्पा मे महिन्यात कसाबसा पहिल्या-दुसऱ्या ताऱ्यापाशी टिकतो. तिथे २० टक्के साखरेची कँडी धरतच नाही, काडी बाहेर येते आणि गर आत राहतो. अशा घरी १२-१३ टक्क्यांवर थांबावं.

थंड जिभेला कमी कळतं

मिश्रण चाखताना ते थोडं जास्तच गोड, जास्तच आंबट लागलं पाहिजे. हा नियम पाळला नाही तर बाकी सगळं बरोबर करूनही कँडी मिळमिळीत होते. वितळलेलं आइसक्रीम नको इतकं गोड लागतं, हे सगळ्यांनी अनुभवलेलं असेल. जिभेवरच्या गोडी ओळखणाऱ्या पेशींत एक वाहिनी, म्हणजे चवीचा संदेश पुढे धाडायला मदत करणारं सूक्ष्म दार असतं, ती उबेला जास्त काम करते आणि थंडीत मंदावते. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या संशोधकांनी २००५ साली हे दाखवून दिलं. सुगंधाचंही तसंच. वेलची, केशर, जायफळ यांचा वास म्हणजे हवेत उडणारे रेणू आणि थंडीत ते उडतच नाहीत. कँडी तोंडात वितळून कोमट होते तेव्हाच वास नाकापर्यंत पोचतो. म्हणून वेलचीची पूड वरून भुरभुरण्यापेक्षा गरम पाकात घालून झाकून ठेवावी, वास पाकात उतरतो. जिरं नेहमी भाजूनच. लिंबाचं उलट: गरम पाकात लिंबू पिळलं तर त्याचा ताजेपणा जातो, ते मिश्रण गार झाल्यावरच.

फोडणीच्या चवीचा मोह अनेकांना होतो, पण तूप किंवा तेल कँडीत नको. थंडीत तुपाचे मेणासारखे कण होतात आणि टाळूला चिकटतात. कढीपत्त्याची चव हवी असेल तर पानं पाकात उकळून काढून टाकावीत.

तिखट कँडीचा विषय निघतो तेव्हा घरातल्या मोठ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. मला मात्र तो या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला चेतवतं आणि पुदिन्यातलं मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या ग्राहकाला. म्हणजे मिरची खरोखर गरम नसते आणि पुदिना खरोखर गार नसतो, आपल्या मज्जातंतूंना तसं वाटतं. या ग्राहकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. काकडीचा रस, लिंबू, साखर, पुदिना आणि हिरवी मिरची यांची कँडी तोंडात घातली की आधी बर्फ आणि पुदिना मिळून गारवा देतात, मिरची त्या थंडीत दबून राहते आणि घोट गिळल्यावर हळूच वर येते. मिरची वाटून घालू नका. एक मिरची उभी चिरून गरम पाकात दहा मिनिटं ठेवा आणि काढून टाका, तेवढी पुरते. दुधाच्या कँडीत हाच तिखटपणा बोथट होतो, कारण कॅप्सेसिन स्निग्धांशात विरघळतं आणि दुधातलं केसीन हे प्रथिन ते जिभेवरून उचलून नेतं.

आपल्या चवी काडीवर

आता पन्ह्याकडे. दोन मध्यम कैऱ्या उकडून त्यांचा गर काढा, साधारण २५० ग्रॅम भरेल. १६० ग्रॅम गूळ थोड्या गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या, त्यातच वेलची आणि केशर घाला. सगळं मिळून अर्धा लिटर पाणी होऊ द्या आणि गर त्यात घोटा. चिमूटभर मीठ घाला, त्याने आंबटगोडाला उठाव येतो. हे प्यायला जड आणि जास्त गोड लागेल, तसंच लागायला हवं. कैरीच्या गरातला पेक्टिन (फळांतला दाटपणा आणणारा घटक) आणि तंतू पाण्याला धरून ठेवतात, म्हणून गर गाळून टाकू नका. पेयाला गाळणं चांगलं, कँडीला नाही.

कोकमाला अंग नसतं, रंग आणि आंबटपणा भरपूर. ४० ग्रॅम आमसुलं कोमट पाण्यात तासभर भिजवून कुस्करा, गाळा, एकूण ६०० मिली पाणी होऊ द्या, त्यात १२० ग्रॅम साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि काळं मीठ. अंग यावं म्हणून भिजवलेला सब्जा घालता येतो, पण तो आधीच घातला तर तळाशी जाऊन बसतो. मिश्रण कडेने धरायला लागून मध्ये खिचडीसारखं झालं की तेव्हा ढवळून घालावा. सुक्या मेव्याचंही तसंच. कोकम, कैरी, जांभूळ यांसाठी ॲल्युमिनियमचे कुल्फीचे साचे वापरू नका. आंबट आणि खारट मिळून त्या धातूला खातात आणि चवीत कडवटपणा येतो. स्टीलचे किंवा चांगल्या प्लॅस्टिकचे साचे घ्या, नाहीतर छोटे स्टीलचे पेलेही चालतात.

कोकम दुधात घालायचा मोह आवरा, दूध फाटतं. सोलकढी चालते, कारण नारळाच्या दुधात केसीन नसतं. न शिजवलेला अननस किंवा पपई दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर वाटून ठेवली तर त्यांतली पाचकद्रव्यं दुधाच्या प्रथिनांचे तुकडे करतात आणि मिश्रण कडू होतं. फळ आधी पाकात उकळून घेतलं तर ती पाचकद्रव्यं निकामी होतात आणि मग खुशाल दुधात घाला.

पेरूचा हंगाम थंडीचा, तरी त्याची कँडी मी शिफारस करून सांगेन. पिकलेल्या पेरूचा बिया गाळलेला ४०० ग्रॅम गर, २०० मिली पाणी, ९० ग्रॅम साखर, चमचाभर लिंबूरस. पेरूत पेक्टिन इतकं असतं की वेगळं काही घालावं लागत नाही, कँडी लोण्यासारखी तुटते. यात जीरावन घालायचं नाही. जीरावन लावायचं ते खाताना. इंदुरात पोह्यांवर आणि गराडूवर (तळलेल्या कंदावर) भुरभुरायला हा मसाला प्रत्येक घरी असतोच: जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, मिरची, गरम मसाल्याचे पदार्थ. कँडीच्या ओल्या पृष्ठभागावर तो पडला की त्यातलं मीठ तिथला बर्फ जरा वितळवतं आणि आंबट-तिखट पाकाचा पातळ थर तयार होतो. जिभेला पहिला भेटतो तो हा थर, त्यामागून पेरूची गोडी. मिश्रणात विरघळवलेल्या मसाल्याला ही मजा नाही.

भुट्ट्याची कँडी

मक्याची कँडी हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. मेक्सिकोत फळं, दूध, मिरची घालून काडीवर गोठवलेल्या पदार्थाला ‘पालेता’ म्हणतात, मिचोआकान राज्यातलं तोकुम्बो हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि मक्याचा पालेता तिथे जुनाच प्रकार आहे. पण आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री मिळणारा भुट्ट्याचा कीस दुधातच शिजतो. मका आणि दूध यांची जोडी इंदुरी जिभेच्या ओळखीची आहे, फक्त फोडणी आणि हिरवी मिरची बाजूला ठेवायची.

पावसाळा सुरू झाला की देशी, कोवळे भुट्टे येतात. नखाने दाणा टोचला तर पांढरं दूध उडालं पाहिजे, तोच भुट्टा घ्यायचा. दोन भुट्टे किसून साधारण २०० ग्रॅम कीस होतो. किसताना भुट्टा परातीत उभा धरा, रस वाया जाऊ देऊ नका, स्टार्च त्यातच असतो. अर्धा लिटर मलईदार दूध तापवा, कीस घाला आणि मंद आचेवर ढवळत बारा-पंधरा मिनिटं शिजवा. सुरुवातीला कच्च्या पिठाचा वास येतो, मग तो जातो आणि गोडसर, भाजल्यासारखा नव्हे पण उकडलेल्या कणसासारखा वास येतो. मिश्रण डावाच्या पाठीला चिकटू लागलं की ९० ग्रॅम साखर, किंचित मीठ आणि जायफळाची जराशी किसणी. थोडं निवल्यावर मिक्सरमधून फिरवून जाड चाळणीतून गाळा. चाळणीत चोथा उरेल, तो दाबून घ्या. मोठ्या भोकांची चाळणी वापरण्याचं कारण असं की भुट्ट्याचे बारीक कण तोंडात आलेच पाहिजेत, नाहीतर ही नुसती कस्टर्डची कुल्फी होते.

ही कँडी गुळगुळीत होते ती भुट्ट्याच्या स्टार्चमुळे. शिजताना स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि मिश्रण दाट होतं. दाट मिश्रणात पाण्याच्या रेणूंना इकडून तिकडे जाऊन मोठ्या स्फटिकांना चिकटणं जड जातं, म्हणून बर्फाचे कण बारीक राहतात. बाजारातल्या कँडीत वेगवेगळे डिंक घालतात ते याच कामासाठी. इतर मिश्रणांना अंग हवं असेल तर अर्ध्या लिटरला चमचाभर कॉर्नफ्लोअर शिजवून घाला, किंवा एक पिकलं केळं. केळ्याची चव मात्र लपत नाही.

जितकं पटकन, तितकं मऊ

हळू गोठलं की मोजके स्फटिक धरतात आणि ते मोठे वाढतात, कँडी करकरीत होते. पटकन गोठलं की असंख्य बारीक स्फटिक एकदम धरतात. अडचण अशी की पाणी गोठवणं हे थंड करण्यापेक्षा मोठं काम आहे. १ किलो पाणी ३० अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे १२५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, पण शून्याच्या पाण्याचा शून्याचाच बर्फ करायला ३३४ किलोज्यूल. म्हणून मिश्रण आधी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चांगलं गार करून मगच साच्यात भरा. साचे लहान आणि चपटे घ्या, फ्रीजरच्या तळाला टेकवून ठेवा, वर बोटभर नव्हे पण नखाएवढी जागा सोडा, कारण पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं.

याहून वेगवान उपाय मटका कुल्फीवाल्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे: बर्फ आणि मीठ. मीठ बर्फाला वितळवतं, वितळायला उष्णता लागते, ती आसपासून ओढली जाते आणि खारं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं. या जोडीची शेवटची मर्यादा उणे २१ अंशांच्या जवळपास. वजनाने तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग जाडं मीठ घ्या, त्यात स्टीलचे साचे गळ्यापर्यंत रोवा. फ्रीजरमधली हवा उष्णता फार हळू नेते. खारं पाणी आणि धातू ती झपाट्याने नेतात, म्हणून कँडी कितीतरी लवकर आणि कितीतरी मऊ होते. खारं पाणी साच्यात शिरू देऊ नका आणि त्यात उघडा हात घालू नका, कातडीला इजा होते. आपल्याकडे थंड करण्याची ही खटपट जुनी आहे. ‘आईन-ए-अकबरी’त सोऱ्याच्या, म्हणजे बंदुकीच्या दारूत वापरतात त्या क्षाराच्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचं पाणी गार करण्याची रीत दिली आहे. तिथलं तत्त्व थोडं वेगळं, सोरा विरघळतानाच उष्णता शोषतो.

काडी सुरुवातीला टाकली तर तिरकी होते किंवा तरंगते. मिश्रण अर्धवट धरल्यावर खोचा, किंवा साच्यावर फॉइल घट्ट लावून त्यात चीर पाडून काडी उभी करा. काडीवरच्या बर्फाचा उगम सांगताना कॅलिफोर्नियातल्या ११ वर्षांच्या फ्रँक एपरसनची गोष्ट सांगतात: १९०५ साली थंडीच्या रात्री सरबताचा पेला ढवळायच्या काडीसकट बाहेर राहिला आणि सकाळी गोठलेला मिळाला. त्याने पेटंट घेतलं ते १९२४ साली.

टिकवणं आणि स्वच्छता

फ्रीजर जंतू मारत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवायला हवं. थंडीत बरेचसे जंतू फक्त निपचित पडून राहतात आणि कँडी वितळली की पुन्हा कामाला लागतात. म्हणून पाणी उकळून गार केलेलंच, फळं नीट धुतलेली, साचे आणि काड्या गरम पाण्यातून काढलेल्या. मीठ-बर्फाच्या पद्धतीसाठी बाजारातून आणलेली बर्फाची लादी फक्त साच्याच्या बाहेर वापरायची, तिचा तुकडा मिश्रणात किंवा मुलांच्या हातात जाता कामा नये.

पूर्ण गोठल्यावर साचा दहा-पंधरा सेकंद कोमट पाण्यात धरा, सरळ ओढा, पिळू नका. निघालेली कँडी बटर पेपरमध्ये गुंडाळून हवाबंद पिशवीत फ्रीजरच्या मागच्या बाजूला ठेवा. दारापाशी ठेवलेल्या कँडीला दार उघडलं की ऊब लागते. बारीक कण थोडे वितळतात आणि पुन्हा गोठताना मोठ्या कणांना जाऊन चिकटतात. आठवड्याभरात मऊ कँडी रवाळ होते ती यामुळे. घरच्या कँडीत कारखान्यातले डिंक नसतात, तेव्हा दोन आठवड्यांत संपवलेली बरी.

कँडी फार कडक झाली तर टाकून देऊ नका. पाण्याची असेल तर पातेल्यात वितळवा, एक उकळी आणा, शंभर मिली मिश्रणाला चमचाभर साखर वाढवा, आंबटपणा चाखून लिंबू घाला आणि पूर्ण गार करून पुन्हा साच्यात भरा. धरलीच नाही, तर उकळलेलं गार पाणी किंवा थोडा गर वाढवा. दुधाची कँडी बाहेर राहून वितळली असेल तर ती मात्र पुन्हा गोठवू नये.